पाणी फिरवणं

बूट तिथेच ठेव, युझुरु. मोजेही काढ.
या जमिनीशी बोलायचं तर तळपायानं,
पहाटे साडेपाचला,
आकिताचा बर्फ खिडक्यांना बाहेरून टेकलेला असतो
आणि हीटर अजून खोकत असतो, तेव्हा.

मेपल आहे. बसवली तेव्हा मी तुझ्या वयाचा.
सुतार जाताना एवढंच म्हणाला,
"लाकूड मेलंय असं समजू नका, हाताकेयामा.
ते फक्त आडवं झालंय."
मी हसलो. सुतार असंच बोलतात.

एकोणतीस वर्षं पुसली मी ती.
बादली, फडकं, गुडघे.
व्हॉलीबॉलच्या मुली गेल्या की घामाचे डाग राहायचे,
सर्व्हिसच्या रेषेपाशी तर तळव्यांचे ठसे.
मी ओल्या फडक्यानं ते उचलायचो,
कुणाची चादर आवरावी तसे.
समारंभाच्या दिवशी पालक वाकून
आपापले चेहरे बघायचे तिच्यात.
अभिमान होता मला. आता सांगायला काय हरकत आहे.

फळी रात्री फुगायची,
दिवसा हीटरपुढे आकसायची,
फुगायची, आकसायची,
आणि जाळ्याच्या डाव्या खांबाजवळ
एक शीर बाकीच्या शिरांपासून
हळूहळू वेगळी राहायला लागली.
मला दिसली नाही.
शेजारच्या शाळेचं गळकं छप्पर मात्र रोज दिसायचं.
लोकांची कुसळं मोजत होतो,
माझं वीतभर लांब निघालं.

नोव्हेंबरातला सामना.
सुमिरे ओनोदेरा, नववीतली, सगळ्यांत बुटकी.
चेंडू कुठे पडणार हे चेंडूच्या आधी कळायचं तिला.
ती झेपावली, पोटावर घसरत गेली,
पंजा चेंडूखाली सरकवला.
चेंडू उडाला. गुण आपल्याला.
लोक टाळ्या वाजवत होते
आणि ती उठत नव्हती.

डॉक्टरांनी नंतर ट्रेमध्ये दाखवली म्हणे तिच्या आईला.
एका बाजूला वार्निश तसंच होतं,
चकचकीत.

चौकशीला दोघं आले.
एकानं जमिनीला गाल लावून टॉर्च आडवा धरला,
आणि त्या उजेडात, युझुरु,
माझ्या आरशावर लव उभी राहिलेली दिसली.
"पाण्यानं पुसता?"
"रोज," मी म्हणालो.
ताठ मानेनं म्हणालो. सवय.
तो लिहीत राहिला.
सगळ्यावर पाणी फिरवलं म्हणतात ना,
मी ते खरोखरच फिरवत होतो,
बादली बदलून बदलून.

तर, कोरडा मॉप. फळीच्या लांबीनं, आडवा नाही.
कुणी मेणाचा डबा आणला तर परत पाठव.
सांडलेलं पाणी तेवढ्यापुरतं टिपून घे, पसरवू नकोस.
खांबांच्या खोबणीवरची झाकणं हातानं दाबून बघ,
स्क्रू वर आलाय का ते अंगठ्याला विचार.
काही सापडलं तर वर चिकटपट्टी लावून
"रविवारी बघू" म्हणू नकोस,
पट्टीखाली लाकूड वाट बघत बसतं.
मैदान बंद कर. प्रशिक्षक ओरडतील. ओरडू दे.
वहीत तारीख लिही, स्वतःचं नाव लिही.
माझ्या एकोणतीस वर्षांची वहीच नाही.

ती वसंतात आली होती एकदा.
आईला दाराशी थांबवून, अनवाणी,
खांबापर्यंत चालत गेली.
"ही फळी नवी आहे ना?"
हो म्हणालो.
"रंग जमला नाही," म्हणाली,
आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.
मी माफी मागायला वाकलो
ते कमरेत भरलं, उठायला तिनंच हात दिला.

हे घे. माझ्या बायकोचा जुना नायलॉनचा मोजा.
हसू नकोस, याच्याएवढं नाजूक बोट कुणालाच नाही.
हातावर चढव, गुडघ्यावर बस,
त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत सरकव.
दाबू नकोस.
हळू. अजून हळू.
थांब,

अडकला.
टॉर्च दे इकडे.